खांद्यावरची तारीख

हवेची तिसरी टाकी बाकावर आडवी घेऊन त्यानं तिच्या खांद्यावरची धूळ चिंधीनं पुसली, सवयीनं अंगठा आकड्यांवरून फिरवला, आणि अंगठा थांबला. डोळ्यांच्या आधी अंगठ्याला कळलं. आकड्यांच्या मधला ठसा त्याचा होता. टिकलीएवढा त्रिकोण, डावा कोपरा किंचित बोथट, कारण ठसा उठवायचा तो लोखंडी पंच फार वर्षांपूर्वी एकदा फरशीवर पडला होता आणि त्यानं तो बदलून घेतला नव्हता. असा बोथट कोपऱ्याचा त्रिकोण या शहरात दुसऱ्या कोणाकडे असणं शक्य नव्हतं. त्रिकोणाच्या एका बाजूला महिना होता, अकरावा. दुसऱ्या बाजूला चार वर्षांपूर्वीचं साल. आणि चार वर्षांपूर्वीच्या अकराव्या महिन्यात तो कामावर नव्हता. एक दिवससुद्धा नव्हता. त्या महिन्यातले एकोणीस दिवस तो इस्पितळाच्या तिसऱ्या मजल्यावर, एक हात तुटलेल्या खुर्चीत बसून होता, आणि उरलेले दिवस घरात, बायकोच्या कपाटासमोर, ते न उघडता. त्यानं बाजूच्या दोन टाक्यांचे खांदे पुसले. तोच महिना. तोच त्रिकोण.

"काय झालं काका? खराब आहे का?" टाक्या घेऊन आलेल्या बाई विचारत होत्या. पलीकडच्या तरणतलावावर त्या पोहायला शिकवत. आता मोठ्या माणसांना पाण्याखाली श्वास घ्यायला शिकवायचं त्यांच्या मनात होतं आणि त्यासाठी समुद्रात बुडी मारणाऱ्यांच्या बंद पडलेल्या एका क्लबकडून त्यांनी या जुन्या टाक्या विकत घेतल्या होत्या. वापरायला काढण्याआधी एकदा जाणत्या माणसाला दाखवाव्यात म्हणून त्या या वर्कशॉपमध्ये आल्या होत्या. इथं आग विझवायच्या नळकांड्यांपासून इस्पितळाच्या ऑक्सिजनपर्यंत सगळ्या दाबाच्या टाक्यांची चाचणी होई, आणि चाचणीत उतरलेल्या टाकीच्या खांद्यावर तारीख ठोकण्याचं काम गेली एकतीस वर्षं तो करत होता.

"खराब नाही," तो म्हणाला. "घेताना काय बघितलंत?"

"सगळं बघितलं हो. अॅल्युमिनियमच्या नकोच म्हटलं. त्या रिकाम्या होत आल्या की वर तरंगायला लागतात, मग कमरेला शिशाची वजनं वाढवत बसा. स्टीलची आपली शेवटपर्यंत गुमान खाली बसते. रंग बघितला, वाजवून बघितल्या. आणि मुख्य म्हणजे तारखेला अजून वर्ष आहे. पाच वर्षांनी चाचणी ना? यांना चारच झालीत."

"म्हणजे तारीख बघून घेतलीत."

"मग! तारीख बघूनच घेतात ना सगळे?"

त्यानं बाईंकडे नीट बघितलं. पस्तिशीच्या, आखूड केसांच्या, दंडाला क्लोरीनचा वास. डोळ्यांत काही लपवल्यासारखं दिसत नव्हतं, पण त्याच्या मते लपवणाऱ्यांच्या डोळ्यांत कधीच काही दिसत नसतं. त्यानं पहिल्या टाकीचा व्हॉल्व्ह काढला, तारेला बांधलेला बारीक दिवा तोंडातून आत सोडला आणि एक डोळा मिटून बघितलं. भिंतीवर नारिंगी पूड, हात फिरवला तर निघेल अशी. दुसरी बरी होती. तिसरीच्या बुडाशी मात्र देवीच्या व्रणांसारखे खड्डे होते, एका बाजूला गोळा झालेले. कोणीतरी ही टाकी ओल्या हवेनं भरून कित्येक महिने आडवी टाकून दिली होती, आणि आतलं चमचाभर पाणी जिथं थांबलं तिथं त्यानं स्टील खाल्लं होतं. तोंड आपोआप बोलत राहिलं, कारण हे तो झोपेतही बोलला असता. टाकीच्या बुडाला घातलेला प्लास्टिकचा बूट दर वेळी काढून धुवायचा, खारट पाणी तिथंच दडतं. टाकी उभी ठेवायची. कधीच पूर्ण रिकामी करायची नाही, थोडी हवा आत ठेवायची, म्हणजे बाहेरची दमट हवा शिरत नाही. आणि भरून वर्षभर विसरून जायचं नाही, कारण गंज आतल्या हवेतला प्राणवायू खातो. काट्यावर दाब पूर्ण दिसतो, माणूस ती हवा घेत निवांत खाली जातो आणि निवांतपणेच शुद्ध गमावतो. बाई मन लावून ऐकत होत्या, आणि त्याचा अंगठा परत परत त्या त्रिकोणावर जात होता.

"एकूण किती घेतल्यात?"

"चार. चौथी भावाकडे आहे. तो बंदरावर बोटींचे तळ घासतो, रोजचाच पाण्यात. त्याची स्वतःची गळायला लागली म्हणून घेऊन गेला. तीही आणू का? उद्या आणते हवं तर."

"आणा सावकाश," तो म्हणाला. "घाई नाही."

बाई गेल्यावर त्यानं तिन्ही टाक्या बाकाखाली ढकलल्या आणि त्यांच्यावर गोणपाट टाकलं. चाचणीच्या रांगेत त्यानं त्या लावल्या नाहीत. पाण्यात घालून दाब दिला असता तर अर्ध्या तासात टाक्यांचं काय ते कळलं असतं, पण या क्षणी त्याला टाक्यांचं काही जाणून घ्यायचं नव्हतं. त्याला हात कोणाचा ते हवं होतं. पंचांचा डबा तो खणात ठेवी आणि खणाला कुलूप लावी. चावी नेहमी त्याच्या खिशात. नेहमी, म्हणजे तो एक महिना सोडून. त्या महिन्यात चावी कुठं होती हे आठवायला तो बसला तर इस्पितळाची पायरी आठवे, लिफ्टचं दार आठवे, नर्सच्या बुटांचा चुकचुक आवाज आठवे, चावी आठवेना. पलीकडे काचेच्या खोलीत मालक फोनवर हसत होते. मालकांचं हसणं त्याला आजवर कधी खटकलं नव्हतं, आज खटकलं. क्लबला घाई असणार, मालकांनी म्हटलं असणार, ठोका रे कोणीतरी, म्हातारा काय लगेच परत येत नाही. पण मालकांना पंच धरता येत नव्हता. त्यांनी कोणाला तरी धरायला लावला असणार. आणि त्या वर्षी या बाकावर त्याच्या शेजारी दुसरा एकच माणूस उभा राहत असे. मनात पाल चुकचुकली ती तेव्हा, आणि मग दिवसभर ती तिथून हलली नाही.

जावयाला या कामाला त्यानंच लावलं होतं. लग्नाआधी सहा महिने. मुलगी म्हणाली होती, बाबा, त्याला काहीतरी पक्कं शिकवा. पोरगा हुशार होता, हात हलका होता, काचेच्या नळीतला आकडा पटकन वाचायचा. आणि सासू गेल्यानंतर दोन महिन्यांत, एका साध्या मंगळवारी, त्यानं काम सोडलं. कारण विचारलं तर म्हणाला, नाही जमत. आता तो शाळांमधून आणि ऑफिसांमधून आग विझवायच्या नळकांड्या तपासत फिरे. नातेवाइकांत कोणी विषय काढला की सासरा म्हणे, "चांगला आहे हो, पण टिकून राहत नाही." हे वाक्य तो चार वर्षं वापरत आला होता आणि त्याला त्या वाक्यात एक प्रकारचं समाधान मिळे. आता त्या वाक्याखाली दुसरंच काहीतरी सरपटताना दिसू लागलं. टिकून राहत नाही, की पळाला? कोणी बघायच्या आत पळाला? दुसऱ्या दिवशी, मंगळवारी, सासऱ्यानं जुनी नोंदवही काढली. चार वर्षांपूर्वीचं अकराव्या महिन्याचं पान. इस्पितळाच्या टाक्या होत्या, एका हॉटेलची नळकांडी होती, पाहुण्या तपासनिसाची सही होती. क्लबच्या टाक्यांचा पत्ताच नव्हता. म्हणजे चाचणी न करता, नोंद न करता, नुसती तारीख ठोकली होती. कुठंतरी पाणी मुरत होतं. त्यानं गोणपाट उचलून, भिंग लावून परत आकडे बघितले. त्याचे आकडे कसे असत, एका ओळीत, दोऱ्यात ओवल्यासारखे. हे वाकडेतिकडे होते, एक खोल, एक उथळ. शेवटच्या आकड्यावर तर पंच दोनदा पडला होता, एकाच्या मागे दुसऱ्याची सावली. शिकाऊ हात. त्यानं भिंग मिटलं आणि त्याला चक्क बरं वाटलं.

संशय त्याला नवा नव्हता. तो त्याचा धंदाच होता. टाकी चकचकीत रंगवलेली असली की तो आधी रंगच खरवडून बघे, कारण रंग कोणी उगाच देत नाही. बायको त्याला हसायची. "माझ्यावर पण एकदा ठोकून टाका तारीख," ती म्हणायची, "म्हणजे पाच वर्षं तरी मला असं न्याहाळणार नाही." तिच्या पोटात दुखायला लागलं तेव्हा त्यानं आधी नळाच्या पाण्यावर संशय घेतला, मग औषधवाल्यावर, मग पहिल्या डॉक्टरवर. रिपोर्ट आला तेव्हा प्रयोगशाळेत जाऊन त्यानं काउंटरवरच्या मुलीला विचारलं होतं, बाटल्यांवरच्या चिठ्ठ्या कोण चिकटवतं? अदलाबदल होते का कधी? मुलीनं त्याच्याकडे फार सौम्यपणे बघितलं होतं, आणि त्या सौम्यपणावरही त्याचा विश्वास बसला नव्हता. बायको मात्र कोणावर संशय घेत नव्हती. सलाइनची सुई टोचायला आलेल्या नवख्या नर्सला ती म्हणायची, टोच गं तू, घाबरू नकोस. बुधवारी बसच्या खिडकीशी बसून त्याला हे आठवलं आणि पाठोपाठ आठवलं की त्या दिवसांत जावई डबा घेऊन येत असे, आणि एकदा त्यानं, म्हणजे सासऱ्यानं, खिशातल्या सगळ्या वस्तू, पाकीट, पेन, किल्ल्या, एका रुमालात बांधून त्याच्या हातात दिल्या होत्या. इथं चोऱ्या होतात, घरी नेऊन ठेवा. चावी! बसमध्ये त्यानं स्वतःच्या मांडीवर थाप मारली. शेजारच्या बाई दचकून सरकल्या.

गुरुवारी दुपारी तो मुलीच्या घरी गेला. न सांगता गेला, कारण सांगून गेलं की माणसं तोंड सावरून बसतात. तिसरा जिना, हिरवं दार, आत धुतलेल्या कपड्यांचा वास. मुलगी इस्त्री करत होती आणि जावई जमिनीवर बसून पंख्याची मोटर उघडत होता. त्याचा त्या दिवशी सुट्टीचा वार. "बाबा? या वेळी?" मुलगी म्हणाली. "बरं वाटत नाही का?" तिनं पाणी दिलं. पाणी पीत पीत तो जावयाच्या हातांकडे बघत राहिला. लांब बोटं, नखांत ग्रीस, स्क्रू काढताना डावा हात टेकू देणारा. पंच धरायला डावा, हातोडी उजव्यात. त्यानं ठरवलं होतं की आडून आडून विचारायचं. त्यानं क्लबच्या तीन टाक्यांबद्दल सांगायला सुरुवात केली, सहज गप्पा मारल्यासारखी, आणि अकरावा महिना म्हणताच जावयाच्या हातातला स्क्रू थांबला. बस. एवढंच तो शोधत होता.

"त्या महिन्यात माझ्या खणाची चावी तुमच्याकडे होती," तो म्हणाला.

"एक दिवस होती," जावई म्हणाला. "मग तुम्ही परत मागून घेतलीत."

"मी? मी इस्पितळात होतो."

जावयानं बायकोकडे बघितलं. ती नजर त्यानं पकडली. नवराबायकोंच्या त्या एका नजरेत त्याला चार वर्षांचं काहीतरी शिजलेलं दिसलं आणि त्याचा आवाज चढला. "तिच्याकडे काय बघतोस? मला सांग. तुझा हात आहे तो. माझ्या ठशानं तू तारखा ठोकल्यास आणि दोन महिन्यांत पाय काढलास. इकडे मी मरणाच्या दारात बसलो होतो आणि तू तिकडे..."

"बाबा!" मुलीनं इस्त्री उभी ठेवली. "बाबा, तुम्ही गेला होतात त्या दिवशी."

"कुठं?"

"कामावर. डॉक्टरांनी सकाळी आपल्याला खोलीत बोलावलं होतं ना, आता काही करता येणार नाही म्हणाले, त्या दिवशी. तुम्ही बाहेर आलात, यांच्याकडून किल्ल्या मागितल्यात आणि आलोच म्हणालात. चार तासांनी आलात. हात काळे होते तुमचे. मी बेसिनशी नेऊन धुतले, साबण लावून. तुम्हाला आठवत नाही?"

त्याला डॉक्टरांची खोली आठवत होती. टेबलावरचा कागदांवर ठेवायचा काचेचा गोळा आठवत होता, त्यातला बुडबुडा आठवत होता. मग संध्याकाळ आठवत होती, बायको झोपेतून उठून म्हणाली होती, कुठं होता हो. या दोहोंच्या मध्ये काही नव्हतं. मुलगी खोटं बोलतेय, हा विचार आलाच. नवऱ्याला वाचवतेय. पण तिनं बेसिन म्हटल्याबरोबर त्याच्या बोटांना पाण्याचा गारवा जाणवला होता, आणि साबणाचा वास, इस्पितळातला तो गुलाबी, उग्र. बोटांनी ते आपल्या आधी कबूल केलं हे त्याला सहन होईना. तो जावयाकडे वळला.

"दोन वाजले असतील," जावई मोटरकडे बघत बोलू लागला. "मालक जेवायला गेले होते. तुम्ही कोणाशी बोलला नाहीत. क्लबच्या चार टाक्या मी सकाळी धुवून ओळीनं ठेवल्या होत्या. तुम्ही एकेकीवर हात फिरवलात, हातोडीनं वाजवून कान लावलात, आणि पंच काढलेत. मी म्हटलं, बाबा, अजून पाण्यात घातल्या नाहीत. तुम्ही म्हणालात, चांगल्या आहेत. मी परत म्हटलं, तर म्हणालात, चांगल्याच आहेत, तुला काय कळतंय. आणि ठोकत सुटलात. शेवटचा आकडा मारताना तुमचा हात इतका कापत होता की मी धरायला पुढे झालो, तर ढकललंत मला. संध्याकाळी क्लबचा माणूस येऊन घेऊन गेला."

"आणि तू नेऊ दिल्यास."

"हो."

"सांगायचं होतंस मला."

"कोणत्या दिवशी सांगायचं होतं?" जावयाचा आवाज चढला नाही, पण स्क्रू त्यानं खाली ठेवला. "आई गेल्या त्या दिवशी? की दुसऱ्या? मालकांना सांगावं तर तुमचा परवाना जाईल. मग दर आठवड्याला ठरवायचो, या आठवड्यात सांगू. तिथं उभा राहिलो की तुम्ही ठोकताना दिसायचात. माझ्याच्यानं होईना. म्हणून सोडलं. चूक माझीही आहे, मी नाही म्हणत नाही. क्लब पाण्यात जातो की नाही ते मधूनमधून जाऊन बघून यायचो. क्लब बंद झाला तेव्हा सुटलो म्हटलं. वाटलं, भंगारात गेल्या असतील." तो थांबला. मग एकदम मान वर करून म्हणाला, "चार होत्या. तुम्ही आता तीन म्हणालात. चौथी कुठंय?"

प्रश्न इतका सरळ होता की आधी त्याला तो कळलाच नाही. सोमवार, मंगळवार, बुधवार, गुरुवार. चार दिवस त्यानं आकड्यांच्या सावल्या मोजल्या होत्या, चावीचा माग काढला होता, मालकांचं हसणं तोलून बघितलं होतं. आणि चौथी टाकी बंदरावर एका माणसाच्या पाठीवर होती, रोज भरली जात होती. ती कुठं आहे हे त्याला पहिल्या तासापासून माहीत होतं. बाई उद्या आणते म्हणाल्या होत्या. तो म्हणाला होता, घाई नाही.  "भरतात ती," तो म्हणाला. "रोज भरतात."

बाईंचा फोन लागेना, त्या तलावात असणार. जावयानं स्कूटर काढली. मागे बसल्यावर धरायला काही नव्हतं म्हणून त्यानं जावयाचे खांदे धरले. चार वर्षांत त्यानं या माणसाला स्पर्शही केला नव्हता हे त्याला सिग्नलला थांबल्यावर जाणवलं. वाटेत त्याच्या डोक्यात एकच हिशेब चालू होता. टाकी फुटते ती बहुधा पाण्यात नाही, भरताना. माणूस शेजारी उभा असतो, काट्याकडे बघत. एकदा, फार वर्षांपूर्वी, टाकी फुटली होती ती खोली दाखवायला त्याला नेलं होतं. छप्पर नव्हतं. भिंतीवर एक घड्याळ मात्र टिकटिकत होतं. ते त्यानं कधी कोणाला सांगितलं नव्हतं, बायकोलाही नाही.

बंदराच्या टोकाला पत्र्याच्या शेडमध्ये कॉम्प्रेसर धडधडत होता. सिमेंटच्या हौदात पाणी, पाण्यात उभी टाकी, टाकीला नळी, आणि हौदाच्या काठाला कंबर टेकवून बाईंचा भाऊ पाव खात उभा होता. काटा चढत होता.  जावई स्कूटर स्टँडला न लावताच धावला, स्कूटर मागे आडवी पडली. त्यानं कॉम्प्रेसरचं बटण दाबलं, आणि धडधड थांबल्यावर समुद्राचा आवाज एकदम जवळ आला.

"ओ, काय चाललंय?" भाऊ ओरडला.

"टाकीपासून लांब व्हा. आधी लांब व्हा, मग सांगतो."

"अहो, तारीख आहे तिच्यावर! बहिणीनं बघून घेतलीय."

जावयानं त्याला दंडाला धरून शेडबाहेर आणला आणि एकटा परत आत गेला. नळी सोडवून व्हॉल्व्ह केसभर उघडला. हवा सुटायला लागली, आधी शिट्टीसारखी, मग लांब उसाशासारखी. ती संपायला बराच वेळ लागला. व्हॉल्व्हभोवती पांढरं दव गोठलं. तो बाहेर उभा राहून आत हौदाशी वाकलेल्या जावयाची पाठ बघत होता. शर्ट घामानं चिकटलेला, एक हात व्हॉल्व्हवर, मान दुसरीकडे वळवलेली. आत मी जायला हवं होतं, हे त्याच्या मनात आलं, आणि पायांना मात्र ते ऐकू आलं नाही.

शुक्रवारी सकाळी तो मालकांच्या काचेच्या खोलीत गेला आणि सगळं सांगितलं. मालक पेपरवेट फिरवू लागले. "चार वर्षं झाली," ते म्हणाले. "टाक्या सापडल्यात. चारही आपल्याच आवारात आहेत. हे आपल्यातच राहिलं तर काय बिघडतं? तुम्हाला रिटायर व्हायला एक वर्ष उरलंय." त्याच्या मनात सोमवारपासून मालकांविषयी जे जे आलं होतं त्यातली लपवायची तयारी तेवढी खरी निघाली होती आणि तरी त्याला त्याचा काही आनंद होईना. मालकही त्याच्यासारखेच घाबरलेले होते, एवढंच. त्यानं खिशातून त्रिकोणाचा पंच काढून टेबलावर ठेवला. "बाईंना बाराला बोलावलंय," तो म्हणाला. "मी सांगणार आहे."

जावई अर्धा दिवस रजा टाकून वर्कशॉपमध्ये आला होता. टाकीत पाणी भरून ती पाण्यानं भरलेल्या मोठ्या भांड्यात सोडायची, झाकण आवळायचं आणि टाकीत दाब वाढवायचा. स्टील फुगतं, भांड्यातलं तेवढं पाणी काचेच्या नळीत चढतं. दाब सोडला की स्टील परत येतं, नळीतलं पाणी उतरतं. जे उतरत नाही तेवढं स्टील कायमचं ताणलं गेलेलं असतं. शंभरात दहापर्यंत चालतं, पुढे नाही. आयुष्यभर तो नळीसमोर उभा राहिला होता आणि पंपावर दुसरं कोणी. आज तो पंपाकडे गेला. जावई त्याच्याकडे बघत राहिला.

"तू वाच," तो म्हणाला. "मोठ्यानं."

पहिली उतरली. दुसरीही. तिसरी, आतून देवीचे व्रण असलेली, तीही दाबाला उतरली, आणि तेव्हा त्याच्या मनात परत ते जुनं हललं. नीट वाचलं असेल का? नळी डोळ्याच्या रेषेत धरली असेल का? की सासऱ्याला बरं वाटावं म्हणून दोन घरं कमी सांगतोय? मान वळवली असती तर नळी दिसली असती, चार पावलांवर होती. पंपाचा दांडा त्याच्या मुठीत गरम झाला होता. त्यानं मान वळवली नाही. चौथी भांड्यात गेली, झाकण आवळलं, आणि तो दांडा मारू लागला.

"एकशे साठ," जावई म्हणाला. "थांबा. सोडा दाब."

त्यानं दाब सोडला. भिंतीपलीकडे कोणीतरी पत्रा कापत होतं.

"उतरतंय. चाळीस. तीस." मग बराच वेळ काही नाही. "बावीस. बावीसवर थांबलं, बाबा."

एकशे साठला सोळाच्या पुढे चालत नव्हतं.  बाहेरून तर ती चौघींत सगळ्यात देखणी होती. त्यानं आकडा परत विचारला नाही. टाकी बाहेर काढून, उलटी करून पाणी ओतलं, आणि कोणी परत भरू नये म्हणून तिच्या कुशीत ड्रिलनं अंगठाभर भोक पाडलं.

बाई बाराला आल्या, भावासकट. त्यानं कोणाला बसायला सांगितलं नाही, स्वतःही बसला नाही. "ही बाद झाली," तो म्हणाला.

"पण तारीख होती ना तिच्यावर?" भाऊ म्हणाला.

"होती. ती मी ठोकली होती. न तपासता. चारही."

भाऊ खाली वाकला आणि त्यानं भोकात बोट घालून बघितलं. "या आठवड्यात सहा वेळा भरली मी ही," तो म्हणाला, कोणाला उद्देशून नाही.

बाई त्याच्याकडे बघत होत्या. "सोमवारी मी विचारलं होतं तुम्हाला, चौथी आणू का. तुम्हाला तेव्हा माहीत होतं?"

"तारीख खोटी आहे ते माहीत होतं."

"आणि तुम्ही म्हणालात घाई नाही."

"म्हणालो."

एकोणीस दिवस, तिसरा मजला, काचेच्या गोळ्यातला बुडबुडा, सगळं त्याच्या जिभेवर तयार होतं. बाई चांगल्या होत्या, त्यांनी ऐकून घेतलं असतं, कदाचित खांद्यावर हातही ठेवला असता. त्यानं तोंड उघडलं नाही. बाईंनी थोडा वेळ वाट बघितली, मग त्याच्याकडे पाठ करून त्या जावयाकडे वळल्या.

"तुम्ही सांगा. उरलेल्या तीन चांगल्या आहेत?"

 जावई तिन्ही टाक्यांपाशी गेला, तिसरीत दिवा सोडून पुन्हा एकदा आत बघितलं. "दोन चांगल्या आहेत," तो म्हणाला. "पण ठोकायचा परवाना असलेला माणूस सोमवारी येईल, त्याच्यासमोर त्या परत पाण्यात घालू. त्याआधी नेऊ नका. ही तिसरी दाबाला उतरली, पण आत खड्डे आहेत. खडे घालून फिरवून घासतो, खोली मोजतो. मग सांगेन. आज नाही सांगणार."

बाईंनी मान हलवली. दोघं बहीणभाऊ बाहेर गेले. भावानं भोक पाडलेली टाकी मात्र खांद्यावर टाकून नेली, बहुधा घरी दाखवायला. वर्कशॉपमध्ये दुपारच्या जेवणाची शांतता होती. तो तिसऱ्या टाकीपाशी गेला आणि ती उचलायला वाकला. ती नेहमीपेक्षा जड लागली. जावयानं दिवा बाजूला ठेवला आणि दुसरं टोक धरलं.

"मानेकडून धरा, बाबा," तो म्हणाला. "बुडाकडून निसटते."

त्यानं मानेकडून धरलं, आणि दोघं ती घासायच्या यंत्राकडे नेऊ लागले.